मधुमेही रुग्णांतील रक्तदाब आणि मंद श्वसन : परीक्षा आधी, अभ्यास नंतर

प्रास्ताविक

मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे दोन्ही विकार एकाच रुग्णात आढळणे ही आज नित्याची बाब झाली आहे. असा रुग्ण आपल्या चिकित्सालयात आला, की नाडी पाहून होण्यापूर्वीच त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘‘वैद्यसाहेब, प्राणायाम केला तर बी.पी.ची गोळी सुटेल ना?’’ या प्रश्नाला आपल्यापैकी काही जण ‘नक्की सुटेल’ असे सांगतात, काही जण ‘करून पाहा, नुकसान तर काही नाही’ असे म्हणतात. आम्हीही अनेक वर्षे दुसरे उत्तर देत आलो. ते उत्तर अपुरे होते, हे आम्हांस आमच्याच रुग्णांनी शिकविले.

मंद श्वसन ही मधुमेही रुग्णाच्या रक्तदाबावरील उपयुक्त सहायक चिकित्सा होऊ शकते. परंतु ती सर्व मधुमेही रुग्णांना सारखी लागू पडत नाही आणि सर्वांना सारखी निर्धोकही नाही. कोणाला ती द्यावी व कोणाच्या बाबतीत जपावे, याचा पहिला संकेत मिनिटाला सहा श्वास या त्याच क्रियेतून, वैद्याच्या तीन बोटांखाली मिळतो. प्रस्तुत लेखात हा विषय शास्त्र, शरीरक्रिया, झालेले प्रयोग आणि प्रत्यक्ष व्यवहार या क्रमाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

शास्त्रीय भूमिका

उच्च रक्तदाब या नावाचा स्वतंत्र व्याधी आपल्या संहितांत नाही. मात्र एखाद्या व्याधीस नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, दोष, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सा करावी, ही चरकाचार्यांची भूमिका सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात स्पष्ट आहे. त्या भूमिकेतून पाहता रक्तदाबाच्या विचारात व्यानवायू अग्रस्थानी येतो. वाग्भटाचार्यांनी व्यानाचे स्थान हृदय सांगितले असून त्याचा संचार सर्व शरीरात मानला आहे. प्राणवायू मूर्धस्थ असून उर व कंठ ही त्याची संचारस्थाने आहेत आणि निःश्वास हे त्याचे एक कर्म आहे. श्वासाच्या गतीचे नियमन करून हृदयस्थ व्यानावर परिणाम घडविणे, ही कल्पना म्हणूनच आपल्या शास्त्राला परकी नाही.

मधुमेहाच्या संदर्भात आणखी एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. मधुमेहातील वातप्रकोप धातुक्षयाने होतो किंवा दोषांनी मार्ग आवृत झाल्याने होतो, असे अष्टांगहृदयाच्या निदानस्थानात सांगितले आहे. स्थूल व बलवान प्रमेही आणि कृश व दुर्बल प्रमेही यांची चिकित्सा चरकाचार्यांनी वेगळी सांगितली, तिचेही मर्म हेच आहे. व्याधी जुना झाला, धातू क्षीण झाले, पायांत दाह, सुप्तता व मुंग्या येऊ लागल्या, की तो रुग्ण पहिल्या वर्षाचा रुग्ण राहत नाही. त्याला द्यावयाचा श्वासाभ्यासही पहिल्या वर्षाच्या रुग्णासारखा असता कामा नये.

हठयोगाच्या ग्रंथांनीही हा इशारा दिलेला आहे. सिंह, हत्ती व वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू हळूहळू वश करावा आणि अयुक्त अभ्यासाने उचकी, श्वास, कास तसेच शिर, कर्ण व नेत्र यांच्या वेदना उद्भवतात, असे स्वात्माराम हठप्रदीपिकेत सांगतात. ‘नुकसान तर काही नाही’ हे वाक्य योगशास्त्रालाही मान्य नाही.

श्वास मंद केल्याने काय घडते?

निरोगी प्रौढ मनुष्य विश्रांतीत मिनिटाला साधारणतः १२ ते २० श्वास घेतो. मानेतील मोठ्या धमन्यांत व महाधमनीच्या कमानीत रक्ताचा दाब ओळखणारी संवेदनस्थाने आहेत. त्यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात. दाब वाढला की ही स्थाने मेंदूस सूचना देतात, मेंदू व्हेगस नाडीद्वारा हृदयाची गती कमी करतो आणि रक्तवाहिन्यांचा संकोच सैल करतो. दाब उतरला की याच्या उलट घडते. ही यंत्रणा क्षणोक्षणी चालू असते.

या यंत्रणेची स्वतःची एक लय आहे. रक्तदाबात सुमारे दर दहा सेकंदांनी एक बारीक लाट येत असते. श्वासही दहा सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले, तर श्वासाची लाट व दाबाची लाट एकमेकींशी जुळतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का दिला की तो उंच जातो, तसे येथे घडते : हृदयगतीचे चढउतार वाढतात आणि बॅरोरिसेप्टरची प्रतिक्रिया अधिक तत्पर होते. फुप्फुसे सावकाश व पूर्ण फुगल्याने तेथील ताण ओळखणारी संवेदनस्थानेही उत्तेजित होतात आणि सिंपथेटिक संस्थेचा जोर ओसरतो.

इटलीतील पाविया येथील डॉ. लुचियानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी दाखविले, की लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र या दोहोंच्या उच्चारणाने श्वासगती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येते व बॅरोरिसेप्टरची तत्परता वाढते. त्याच गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी मिनिटाला सहा श्वास घेतले असता वरचा दाब सरासरी सुमारे १५० वरून १४१ पर्यंत आणि खालचा सुमारे ८३ वरून ७८ पर्यंत उतरल्याचे नोंदले आहे. मात्र हा परिणाम श्वसन चालू असतानाचा, म्हणजे तात्कालिक होता. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

प्रयोगांचा कौल

या क्षेत्रात महाराष्ट्राचे काम जुने आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचा पाया घातला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी १९६९ साली ‘अँजिओलॉजी’ या नियतकालिकात उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनमध्ये वैद्यकी करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३ व १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये योग व शिथिलीकरणाचे अनुकूल परिणाम मांडले. पुढे संगीताच्या सुरांवर श्वास मंद करविणारे यंत्रही निघाले आणि २०१३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशा यंत्रनियंत्रित मंद श्वसनाचा सहायक उपाय म्हणून विचार करणे योग्य ठरेल, असे मत दिले.

येथवरचे चित्र उत्साहवर्धक आहे. पण ते मुख्यतः सर्वसाधारण रक्तदाबाच्या रुग्णांचे आहे. मधुमेही रुग्णांविषयी नेदरलँड्समधील झ्वोल येथील संशोधकांनी दोन नियंत्रित प्रयोग केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात टाइप २ मधुमेह व उच्च रक्तदाब असलेले ३० रुग्ण होते. एका गटाने आठ आठवडे यंत्राच्या साहाय्याने श्वास मंद केला, दुसऱ्या गटाने केवळ संगीत ऐकले. रक्तदाब दोन्ही गटांत उतरला. मंद श्वसनाचा अधिक लाभ दिसला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ४८ रुग्ण व १५ आठवडे असा विस्तार होता आणि तुलनेसाठी श्वास मंद न करणारे तसेच यंत्र वापरले होते. त्यातही लक्षणीय फरक आढळला नाही. इतर काही लहान अभ्यासांत मात्र अनुकूल निष्कर्ष आले आहेत.

हे निष्कर्ष आपल्या समजुतीस न मानवणारे असले, तरी दडवून ठेवणे योग्य नव्हे. मधुमेहात असे का घडावे? आमच्या मते याचे एक संभाव्य कारण वर सांगितलेल्या यंत्रणेतच आहे. बॅरोरिसेप्टरची सूचना नेणाऱ्या व हृदयास आज्ञा देणाऱ्या सूक्ष्म नाड्या दीर्घकालीन मधुमेहात क्षीण होतात. ज्या वाटेने श्वासाचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचावयाचा, ती वाटच खचलेली असेल, तर श्वास कितीही मंद केला तरी परिणाम तोकडा पडणार. हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु व्यवहारात तो मार्गदर्शक ठरतो.

अभ्यासापूर्वीची परीक्षा

मधुमेहात हृदयाच्या स्वायत्त नाड्या क्षीण झाल्या आहेत काय, हे तपासण्यासाठी एडिंबरो येथील डॉ. डेव्हिड इविंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही साध्या चाचण्या रूढ केल्या. त्यांतील एका चाचणीत रुग्णास एक मिनिटभर सहा दीर्घ श्वास घ्यावयास लावतात व ई.सी.जी.वर हृदयगती पाहतात. श्वास आत घेताना हृदय वेगाने चालते, बाहेर सोडताना मंदावते. या दोन गतींतील सरासरी फरक १५ वा अधिक ठोक्यांचा असेल तर तो प्राकृत, ११ ते १४ हा सीमारेषेवरचा आणि १० वा कमी हा विकृत मानतात. वाढत्या वयात हा फरक स्वभावतःच घटतो, हेही ध्यानात ठेवावे.

वैद्यबंधूंनी येथे क्षणभर थांबावे. आपण उपचार म्हणून जे सहा श्वास शिकवितो, तेच सहा श्वास परीक्षा म्हणून आधीच मान्यता पावलेले आहेत. आणि नाडीपरीक्षा तर शार्ङ्गधराचार्यांच्या काळापासून आपल्या हाती आहे. म्हणून आमच्या चिकित्सालयात मधुमेही रुग्णास मंद श्वसन शिकविण्यापूर्वी आम्ही पुढील क्रम ठेवला आहे.

१) रुग्णास पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. नाडीवर बोटे ठेवून त्यास पाच सेकंद श्वास आत व पाच सेकंद बाहेर, असे एक मिनिट करावयास सांगावे. पूरकाबरोबर नाडी वेगवान व रेचकाबरोबर मंद होते काय, हे पाहावे. बदल स्पष्ट जाणवला तर मार्ग खुला आहे असे मानण्यास हरकत नाही. नाडी घड्याळाच्या लंबकासारखी एकाच गतीने चालत राहिली तर नाडीदौर्बल्याची शंका घ्यावी व ई.सी.जी.सह चाचणी करवावी. बोटांनी आकडा सांगण्याचा आग्रह धरू नये. बोटे संकेत देतात, निर्णय ई.सी.जी.ने करावा. बीटा ब्लॉकर गटातील औषध चालू असल्यास किंवा नाडी मुळातच अनियमित असल्यास ही परीक्षा विश्वसनीय राहत नाही.

२) रुग्णास पाच मिनिटे उताणे झोपवून रक्तदाब घ्यावा. नंतर उभे करून एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा. उभे राहिल्यावर वरचा दाब २० किंवा खालचा १० वा अधिक उतरला, तर तो उत्थानजन्य अल्परक्तदाब होय.

३) उठताना भोवळ, विश्रांतीतही नाडी शंभराच्या वर, थोडे खाल्ल्यावर पोट तुडुंब वाटणे, घाम येण्यात बदल, क्लैब्य ही लक्षणे विचारावीत. रुग्ण ती आपण होऊन सांगत नाही.

४) नेत्रपटलाची तपासणी, मूत्रातील अल्ब्युमिन व सीरम क्रिएटिनिन यांचे अहवाल गेल्या वर्षभरातील आहेत की नाहीत, हे पाहावे. नसतील तर करवून घ्यावेत.

या सर्वास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. गर्दीच्या वेळी हे अवघड आहे, याची आम्हांस जाणीव आहे. त्यासाठी वेगळी वेळ द्यावी.

अभ्यासाचा विधी

बैठक : पाठीला आधार असलेली खुर्ची सर्वोत्तम. पाय जमिनीवर टेकलेले, हात मांड्यांवर, कमरेचे वस्त्र सैल. गुडघे दुखणाऱ्या रुग्णास पद्मासनाचा आग्रह नको.

वेळ : ‘रिकाम्या पोटी’ हा सर्वसाधारण नियम मधुमेही रुग्णास जसाच्या तसा सांगू नये. सकाळी साखर उतरविणारी गोळी अथवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी अभ्यासास बसणे धोक्याचे आहे. सकाळी करावयाचे असल्यास औषधापूर्वी करावे, नंतर औषध व न्याहारी ठरल्या वेळी घ्यावी. अन्यथा जेवणानंतर दोन तासांनी करावे.

क्रम : नाकाने श्वास घ्यावा व नाकानेच सोडावा. पहिल्या आठवड्यात दोन सेकंद पूरक व चार सेकंद रेचक, म्हणजे मिनिटाला दहा श्वास. कालावधी पाच मिनिटे. दुसऱ्या आठवड्यात तीन व पाच सेकंद. कालावधी आठ ते दहा मिनिटे. तिसऱ्या आठवड्यापासून चार सेकंद पूरक व सहा सेकंद रेचक, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. कालावधी दहा ते पंधरा मिनिटे, रोज एकदा. भिंतीवरील घड्याळाची टिकटिक मोजण्यास पुरेशी असते. रुग्णास एखाद्या टप्प्यावर दम कोंडल्यासारखे वाटले तर मागच्या टप्प्यावर यावे. सहाचा आकडा गाठणे हे ध्येय नाही. रेचक लांब, सहज व निःशब्द होणे हे ध्येय आहे.

कुंभक : या रुग्णवर्गात कुंभक देऊ नये. श्वास रोखून जोर दिल्याने रक्तदाब व डोळ्यांतील दाब क्षणात वाढतो.

श्वासाची खोली : ‘दीर्घ’ याचा अर्थ रुग्ण ‘जोरात’ असा घेतो. जोराने व फार खोल श्वास घेत राहिल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व हातापायांना मुंग्या येतात, डोके हलके होते. मधुमेही रुग्णात या मुंग्या नाडीविकाराच्या समजून भलतेच उपचार सुरू होण्याचा संभव असतो. श्वास मंद असावा, फार मोठा नसावा.

समाप्ती : अभ्यासानंतर दोन मिनिटे बसून राहावे, पावले वरखाली हलवावीत व मग आधार धरून उठावे.

निषेध व सावधगिरी

नेत्रपटलात नवीन नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील किंवा रक्तस्राव झाला असेल, तर भस्त्रिका, कपालभाती व कुंभक सर्वथा वर्ज्य. रक्तदाब अनियंत्रित असतानाही हाच नियम पाळावा. उत्थानजन्य अल्परक्तदाब असलेल्या रुग्णास स्वतंत्रपणे अभ्यास देऊ नये. आधी त्याची औषधे, द्रवाहार व उठण्याच्या सवयी त्याच्या फिजिशियनसह पाहाव्यात.

मधुमेही रुग्णात हृदयविकाराचा झटका छातीतील वेदनेविना येऊ शकतो. केवळ दम लागणे, घाम किंवा अचानक थकवा एवढेच लक्षण असू शकते. म्हणून नव्याने दम लागू लागलेल्या मधुमेही रुग्णास श्वासाचा अभ्यास शिकवीत बसू नये, प्रथम ई.सी.जी. काढावा व रुग्णालयात पाठवावे. रक्तदाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, दम, तीव्र शिरःशूल, दृष्टी अंधुक होणे किंवा बोलण्यात अडखळणे यांपैकी काही असेल, तर तेथेही हाच मार्ग.

अभ्यास करताना दरदरून घाम, थरथर व धडधड झाली तर ‘प्राण जागृत होतो आहे’ अशी समजूत कोणी घालू नये. तत्काळ साखर तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास किंवा तपासण्याचे साधन जवळ नसल्यास, रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी.

मापनातील चूक : दोन रुग्ण

आमचा एक रुग्ण, वय ५४ वर्षे, किराणा मालाचा व्यापारी, मधुमेह नऊ वर्षांचा. रक्तदाबासाठी फिजिशियनने दिलेली एक गोळी चालू होती. आम्ही त्यास मंद श्वसन शिकविले. तो दर शनिवारी येई, आमच्यासमोर पंधरा मिनिटे अभ्यास करी आणि मग आम्ही रक्तदाब घेत असू. १२८/८२, १२६/८० असे आकडे येत. आम्ही ‘उत्तम’ म्हणत असू. त्या ‘उत्तम’चा अर्थ त्याने स्वतःपुरता लावला व गोळी बंद केली. आम्ही ‘गोळी बंद करा’ असे म्हटले नव्हते. पण ‘बंद करू नका’ असेही एकदाही म्हटले नव्हते. चार महिन्यांनी पायांवर सूज घेऊन तो आला. त्या दिवशी अभ्यासापूर्वी घेतलेला रक्तदाब १७६/१०४ होता. मूत्रात अल्ब्युमिन भरपूर होते, क्रिएटिनिन वाढले होते. त्याने सोडलेली गोळी केवळ दाब उतरविणारी नव्हती. मूत्रात अल्ब्युमिन जाऊ लागलेल्या मधुमेही रुग्णाच्या वृक्कांचे रक्षण करणाऱ्या गटातील ती होती. वृक्कविकार अगोदरच सुरू झाला असेल. परंतु ते चार महिने त्याला परत मिळणार नव्हते. तो आम्हांस काही बोलला नाही. त्याची पत्नी मात्र म्हणाली, ‘‘तुम्ही दर आठवड्याला मोजत होता ना?’’ आमच्याजवळ उत्तर नव्हते.

चूक मापनाच्या वेळेत होती. श्वसनाचा तात्कालिक परिणाम आम्ही चोवीस तासांचा परिणाम समजलो. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : चिकित्सेचे मूल्यमापन करणारा रक्तदाब अभ्यासापूर्वी घ्यावा, किंवा अभ्यासानंतर काही तास गेल्यावर घ्यावा, अभ्यासानंतर लगेच कधीही नाही. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, कफ दंडाच्या मापाचा असावा, आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी घेतलेली नसावी. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन मापने घेऊन सरासरी लिहावी. बहुतेक मधुमेही रुग्णांत दाब १३०/८० च्या खाली राखण्याचे ध्येय आज मान्य आहे.

दुसरी रुग्णा ६२ वर्षांच्या गृहिणी, मधुमेह अठरा वर्षांचा. घरी कोणाकडून तरी शिकून त्या श्वासाभ्यास करीत. अभ्यासानंतर उठताना दोनदा पडल्या, म्हणून मुलाने आणले. झोपून दाब १५८/८८, उभे राहिल्यावर १२२/७४. सहा श्वासांच्या परीक्षेत नाडी मुळीच बदलली नाही. झोपून घेतलेल्या आकड्यावर विसंबून आम्ही अभ्यास वाढविला असता किंवा औषधाची मात्रा वाढवा असे सुचविले असते, तर तिसऱ्या वेळी खुब्याचे हाड मोडले असते. त्यांचा अभ्यास आम्ही थांबविला, सावकाश उठण्याच्या सवयी लावल्या व फिजिशियनकडून औषधांची फेरमांडणी करून घेतली.

औषधालयचालकांसाठी

रुग्ण वैद्याकडे महिन्यातून एकदा येतो, औषधालयात अनेकदा जातो. त्यामुळे गोळी बंद झाल्याचे प्रथम आपल्या लक्षात येते. नेहमीची रक्तदाबाची गोळी न घेता केवळ चूर्ण मागणाऱ्या ग्राहकास ‘गोळी कोणी बंद केली?’ एवढे अवश्य विचारावे.

सर्दीवरील काही संयुक्त गोळ्या व वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवितात. आपल्या औषधांतही जपावे लागते. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते व दाब वाढतो. लवणयुक्त चूर्णांत मीठ, आसव-अरिष्टांत गूळ वा साखर असते. सर्पगंधा दाब निश्चित उतरविते, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिच्यावरील अनुभव मांडल्यावर साऱ्या जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. पण तिने नाक चोंदते, नाडी मंद होते व मन खिन्न होऊ शकते. नाक चोंदलेल्या रुग्णास मंद श्वसन साधत नाही, आणि इतर गोळ्यांच्या जोडीने दाब अवाजवी उतरू शकतो. म्हणून ती वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये.

उपसंहार

मंद श्वसनास खर्च नाही, ते कोणत्याही वयात शिकता येते, रुग्णास दिवसातून पंधरा मिनिटे स्वस्थ बसण्याची सवय लागते. झोप व मनाची घालमेल यांत लाभ झाल्याचे अनेक रुग्ण सांगतात. तेवढ्यासाठीही ते शिकविण्याजोगे आहे. परंतु मधुमेही रुग्णात ते आहार, चालणे, मिठाचे नियमन, तंबाखूत्याग व चालू औषधे यांच्या जोडीला द्यावयाचे आहे, त्यांच्या जागी नव्हे. औषध कमी करावयाचे तर अभ्यासापूर्वीच्या अनेक आठवड्यांच्या नोंदी घेऊन, ज्याने औषध दिले त्याच्याशी बोलून करावे.

‘बी.पी.ची गोळी सुटेल ना?’ या प्रश्नाला आता आमचे उत्तर ठरले आहे : ‘‘आधी तुमचा हात द्या, सहा श्वास घ्या. गोळी चालूच ठेवायची आहे.’’ हे वाक्य आम्ही प्रत्येक भेटीत उच्चारतो व रुग्णपत्रिकेवर लिहितोही. वाचकांनी आपल्या चिकित्सालयात ही परीक्षा करून पाहावी, अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही अनुभव लिहून ठेवावेत आणि या त्रैमासिकाकडे पाठवावेत, ही विनंती.